लिस्टरचा दोरा

क्रिकेट खेळताना भुवई फुटते, वर्कशॉपमध्ये बोट कापतं, ऐन परीक्षेत कुणाचं तरी अपेंडिक्स काढावं लागतं. हॉस्टेलचा एकही मजला असा नसेल जिथे कुणाच्या तरी अंगावर टाक्यांची खूण नाही. टाके पडले की आपण डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारतो. किती पडले? आणि काढायला कधी यायचं? दुसऱ्या प्रश्नाला कधी कधी उत्तर मिळतं की यायची गरज नाही, विरघळणारे टाके आहेत. आपण खूश होतो आणि विषय तिथेच संपतो. तो दोरा कशाचा होता, आत गेल्यावर त्याचं काय होतं, तो नेमका किती दिवस टिकतो, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. एका माणसाला मात्र ते सुचलं आणि पुढची चाळीस वर्षं तो तेच विचारत राहिला. त्याचं नाव जोसेफ लिस्टर. बाथरूममधल्या बाटलीवरचं लिस्टरिन हे नाव त्याच्यावरूनच आलंय, पण ते औषध १८७९ मध्ये अमेरिकेत दुसऱ्यांनीच तयार केलं. लिस्टरने केलेलं काम त्याहून खूप खोलवरचं आहे.

आजच्या काळातलं एक उदाहरण घेऊ. मोठ्या शहरांत हल्ली नेक लिफ्ट नावाची शस्त्रक्रिया होते. वय झालं की हनुवटीखालची कातडी सैल पडते, मानेवर उभे पट्टे दिसू लागतात. सर्जन हनुवटीखाली आणि कानामागे छेद घेतो, आतला पातळ स्नायू ओढून शिवतो आणि जादा कातडी काढून टाकतो. ऐकायला सोपं वाटतं. पण सर्जनला आधी ठरवावं लागतं की आतल्या स्नायूला कुठला दोरा वापरायचा, कातडीच्या खालच्या थराला कुठला आणि वरून दिसणाऱ्या कातडीला कुठला. आपल्या भाषेत सांगायचं तर हे शुद्ध मटेरियल सिलेक्शन आहे. दोऱ्यात ताकद किती हवी? ती किती दिवस टिकायला हवी? आणि काम संपल्यावर त्या दोऱ्याचं काय व्हायला हवं? लिस्टरने हे तीन प्रश्न प्रयोग करून, उघडून बघून, भिंगाखाली तपासून सोडवायचा प्रयत्न केला. आणि योगायोग असा की त्यानेही ते मानेतच तपासले. एकदा एका घोड्याच्या आणि एकदा एका वासराच्या.

लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन गावात झाला. घरचे लोक क्वेकर पंथाचे. साधे कपडे, साधं बोलणं, कसलाही बडेजाव नाही. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर वाइनचे व्यापारी होते, पण त्यांचा खरा जीव मायक्रोस्कोपमध्ये. त्या काळच्या मायक्रोस्कोपमध्ये वस्तूभोवती रंगीत कडा दिसायच्या आणि चित्र धूसर यायचं. भिंगं एकमेकांपासून किती अंतरावर आणि कशी बसवली तर हा दोष कमी होतो, हे या व्यापाऱ्याने शोधून १८३० मध्ये प्रसिद्ध केलं. १८३२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. म्हणजे उत्तम मायक्रोस्कोप ही लिस्टरच्या घरातलीच वस्तू होती. आपल्याकडे सुताराच्या पोराला रंधा ओळखीचा असतो तसा याला मायक्रोस्कोप. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं तेव्हा क्वेकरांना बंद होती, म्हणून लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला. तिथल्याच हॉस्पिटलात २१ डिसेंबर १८४६ रोजी रॉबर्ट लिस्टन या सर्जनने ईथर देऊन रोग्याचा पाय कापला. रोग्याला बेशुद्ध करून मोठी शस्त्रक्रिया करण्याची इंग्लंडमधली ही फार सुरुवातीची घटना. पण त्याच वर्षी लिस्टरचा मोठा भाऊ मेंदूतल्या गाठीने गेला. १८४७ मध्ये लिस्टर बी. ए. झाला. त्याला स्वतःला देवीचा आजार होऊन गेला आणि १८४८ मध्ये त्याचं मनच खचलं. शिक्षण अर्धवट सोडून तो घरी आला, आयर्लंडमध्ये फिरला आणि सावरल्यावर पुन्हा कॉलेजात परतला. आपल्याकडे ड्रॉप घेतलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात ते सांगायला नको. लिस्टर १८५२ मध्ये डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा फेलोही झाला. त्या ड्रॉपचं पुढे कुणाला काही वाटलं नाही.

१८५३ मध्ये तो एडिंबरोला जेम्स साइम या नावाजलेल्या सर्जनकडे काम शिकायला गेला. महिनाभरासाठी म्हणून गेला आणि तिथेच रमला. १८५६ मध्ये त्याने साइमच्या मुलीशी, ॲग्नेसशी लग्न केलं. ॲग्नेस क्वेकर नव्हती, म्हणून त्याला आपला पंथ सोडावा लागला. लग्नानंतरच्या सहलीत दोघांनी युरोपातली हॉस्पिटलं पाहिली! ॲग्नेसने पुढची सदतीस वर्षं त्याच्यासोबत प्रयोग केले. तो सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. त्याच्या प्रयोगांच्या वह्यांत तिच्या अक्षरातली पानंच्या पानं आहेत. त्यांना मूलबाळ झालं नाही. घर म्हणजे अर्धी प्रयोगशाळाच होती.

१८६० मध्ये लिस्टर ग्लासगोला सर्जरीचा प्रोफेसर झाला आणि पुढच्या वर्षी रॉयल इन्फर्मरीत त्याला वॉर्ड मिळाले. बेशुद्ध करण्याची सोय झाल्यामुळे आता शस्त्रक्रिया वाढल्या होत्या, सर्जनला घाईही नव्हती. पण रोगी टेबलावर वाचायचा आणि वॉर्डात मरायचा. जखमेत पू व्हायचा, ताप चढायचा, रक्तात विष भिनायचं. हवेतल्या घाण वासामुळे हे होतं, अशी बहुतेकांची समजूत होती. जखमेत पू होणं तर काही जण चांगलं लक्षण मानायचे. लिस्टरच्या स्वतःच्या वॉर्डात १८६४ आणि १८६६ या वर्षांत हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले. जवळजवळ निम्मे.

या सगळ्यात दोऱ्याचा वाटा मोठा होता. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी कापली की ती दोऱ्याने बांधावी लागते. हे बांधणं फार जुनं आहे. दोऱ्याची निवडही जुनीच. आपल्या सुश्रुतसंहितेत जखम शिवायला बारीक सुताबरोबर ताग, जवसाचा धागा, झाडाच्या सालीचे तंतू, केस, प्राण्यांचे स्नायुतंतू, इतकंच काय गुळवेलीचे तंतूही सांगितलेत. लिस्टरच्या काळात युरोपात रेशीम किंवा जवसाचा दोरा वापरत. गाठ मारली की दोऱ्याचं एक टोक कापायचं आणि दुसरं लांब ठेवून जखमेतून बाहेर लोंबू द्यायचं. का, तर आतली गाठ कुजणारच हे गृहीत होतं. काही दिवसांनी बांधलेला भाग सडून सुटला की सर्जन ते टोक ओढून दोरा बाहेर काढायचा. तोवर जखम बंद करता यायची नाही. दोरा सुटताना कधी रक्तवाहिनीही उघडी पडायची आणि बरा होत आलेला रोगी काही मिनिटांत रक्त जाऊन संपायचा. ज्या दोऱ्याने जीव वाचवायचा, त्याच दोऱ्याने तो जायचा.

१८६५ मध्ये ग्लासगोचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर थॉमस अँडरसन यांनी लिस्टरला लुई पाश्चरचं काम वाचायला सांगितलं. पदार्थ कुजतात ते हवेमुळे नव्हे, तर हवेतून येणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, हे पाश्चरने फ्रान्समध्ये दाखवलं होतं. लिस्टरच्या डोक्यात लगेच जोडणी झाली. जखमही अशीच कुजत असणार. मग ते जीव आत शिरायच्या आधीच मारले तर? कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक ॲसिड वापरतात, हे त्याच्या वाचनात आलं होतं. कार्बोलिक ॲसिड म्हणजे आपलं केमिस्ट्रीतलं फिनॉल. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा इन्फर्मरीत आला. गाडीचं चाक पायावरून जाऊन हाड मोडलं होतं आणि कातडीही फाटली होती. अशा वेळी पाय कापणं हाच नेहमीचा उपाय. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली. सहा आठवड्यांनी हाड जुळलं आणि मुलगा स्वतःच्या दोन पायांवर घरी गेला. १८६७ मध्ये लिस्टरने ही पद्धत लॅन्सेट साप्ताहिकात क्रमाक्रमाने प्रसिद्ध केली. पद्धत सुरू झाल्यानंतरच्या काळात त्याच्या हातपाय कापलेल्या ४० रोग्यांपैकी ६ दगावले. आकडे लहान आहेत, आजचा स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर शंका काढेल. पण ३५ मध्ये १६ आणि ४० मध्ये ६ यातला फरक त्या वॉर्डातल्या माणसांना दिसत होता.

इथे बहुतेक चरित्रं लिस्टरला टाळ्या देऊन थांबतात. खरी गोष्ट माझ्या मते इथून पुढे आहे. जखम आता कुजत नाही म्हटल्यावर लिस्टरला पुढचा प्रश्न पडला. मग दोरा बाहेर लोंबत ठेवायचा कशाला? गाठीजवळ दोन्ही टोकं कापून जखम बंदच केली तर? दोरा आतच राहील. पण आत राहिलेल्या दोऱ्याचं काय होईल?

१८६७ च्या डिसेंबरात त्याने एका घोड्याच्या मानेतली कॅरॉटिड, म्हणजे डोक्याकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी, कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या रेशमाने बांधली. टोकं कापली, जखम बंद केली. जखम पू न होता भरली. सहा आठवड्यांच्या आत तो घोडा दुसऱ्याच कारणाने मेला तेव्हा लिस्टरने तो भाग काढून तपासला. रेशमाची गाठ जशीच्या तशी होती, भोवती निरोगी पेशींचं आवरण होतं आणि पू नव्हता. प्रयोग पास झाला असं कुणीही म्हटलं असतं. त्या भरवशावर जानेवारी १८६८ मध्ये त्याने एका ५१ वर्षांच्या बाईच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी तशाच रेशमाने बांधली. मांडीच्या वाहिनीला आलेला फुगा बरा झाला आणि बाई हिंडूफिरू लागल्या. दहा महिन्यांनी त्या छातीतल्या दुसऱ्या रक्तवाहिनीचा फुगा फुटून गेल्या. लिस्टरने जुन्या गाठीची जागा उघडून पाहिली. रेशीम काही ठिकाणी झिजलं होतं आणि त्याच्याभोवती पुवासारख्या द्रवाचा एक छोटा थेंब होता.

एक थेंब! रोगी त्याने मेला नव्हता. कुणी विचारलंही नसतं. पण लिस्टरने आपल्याच यशस्वी केसमधला तो थेंब मनावर घेतला. रेशीम आत कायमचं राहणार असेल तर कधी ना कधी ते शरीराला खुपणार, हे त्याला कळलं. म्हणजे दोरा असा हवा, जो काम होईपर्यंत धरून ठेवेल आणि मग शरीर ज्याला स्वतःच संपवून टाकेल.

असा दोरा म्हणजे कॅटगट. नावात कॅट असलं तरी मांजराचा संबंध नाही. मेंढीच्या आतड्याच्या आतल्या थरापासून तो करतात. व्हायोलिनच्या तारा पूर्वी याच्याच असायच्या. ३१ डिसेंबर १८६८ रोजी, सगळं जग नवीन वर्षाच्या तयारीत असताना, लिस्टरने अप्टनला वडिलांच्या घरी एका वासराला बेशुद्ध केलं आणि त्याच्या मानेतली कॅरॉटिड दोन जागी बांधली. एक गाठ बैलाच्या पोटातल्या पातळ पडद्याच्या पट्ट्या पिळून केलेल्या दोऱ्याची, दुसरी कॅटगटची. दोन्ही दोरे कार्बोलिकमध्ये भिजवलेले. मदतीला त्याचा भाचा रिकमन गॉडली होता, वय १९, म्हणजे आपल्याच वयाचा. तीस दिवसांनी ते वासरू मारलं गेलं आणि मानेचा भाग लिस्टरकडे आला. आधी त्याला वाटलं की दोन्ही दोरे तसेच आहेत, काहीच बदल नाही. नीट बघितलं तेव्हा कळलं की ते दोरे नव्हतेच. त्यांच्या जागी जिवंत ऊतीचं कडं तयार झालं होतं. मायक्रोस्कोपखाली ते स्पष्ट दिसलं. मायक्रोस्कोप सुधारणारे वडील तेव्हा हयात होते. त्याच वर्षी, १८६९ च्या ऑक्टोबरात, ते गेले.

एप्रिल १८६९ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याने हे प्रयोग मांडले आणि त्याच वर्षी साइमच्या जागी एडिंबरोला परत गेला. तिथे त्याच्या लेक्चरला शेकडो मुलं गर्दी करायची. १८७१ मध्ये बालमोरल इथे राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू त्यानेच कापलं. पू नीट वाहून जाईना, तेव्हा त्याने जवळच्या फवारणी यंत्राच्या रबरी नळीचा तुकडा कापून, कार्बोलिकमध्ये भिजवून जखमेत बसवला. आपण याला जुगाड म्हणू.

पण त्याच राणीचा शब्द त्याने मोडलाही. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये जनावरांवरच्या प्रयोगांविरुद्ध मोठी चळवळ चालली होती. राणीची सहानुभूती चळवळीला होती आणि लिस्टरने या प्रयोगांविरुद्ध जाहीर मत द्यावं, अशी तिची इच्छा त्याला कळवण्यात आली. तिच्याकडून नेमणूक मिळालेला सर्जन, दुसऱ्या कुणी गोड शब्दांत होकार दिला असता. लिस्टरने लेखी नकार कळवला. घोडा आणि वासरू नसते तर तो दोरा पहिल्यांदा माणसातच वापरून बघावा लागला असता, हे त्याला माहीत होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल आजही दोन मतं आहेत आणि ती असायला हवीत. पण आपल्या कामाची किंमत कुणी मोजली, हे लिस्टरने लपवलं नाही.

कॅटगट मात्र सरळ वागणारं मटेरियल नव्हतं. ओलं झालं की मऊ पडायचं, गाठ सरकायची. कधी ते फार लवकर विरघळायचं, म्हणजे जखमेला आधाराची गरज असतानाच दोरा गायब. लिस्टरने यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं. शेवटी उपाय सापडला तो कातडं कमावण्याच्या धंद्यासारखा. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावलं की ते लवकर कुजत नाही. आतडं आणि कातडं दोन्हीत मुख्य प्रोटीन एकच, कोलॅजन. क्रोमिक ॲसिडमध्ये मुरवलेलं कॅटगट घट्ट राहिलं आणि सावकाश विरघळलं. प्रक्रिया कमीजास्त केली की टिकण्याचे दिवसही कमीजास्त व्हायचे. जानेवारी १८८१ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्याने हा सगळा हिशोब मांडला. क्रोमिक कॅटगट हे नाव आजही पाकिटांवर छापलेलं असतं.

म्हणून काय त्याने सगळीकडे कॅटगटच लावलं नाही. जिथे जखमेवर ताण जास्त, तिथे तो चांदीची जाड तार आणि तिच्या टोकांना शिशाच्या चपट्या चकत्या वापरायचा, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता पसरतो. आपण नटखाली वॉशर घालतो तसंच. ऑक्टोबर १८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात त्याने एका माणसाचा गुडघा उघडून मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. निरोगी सांधा मुद्दाम उघडायचा हे तेव्हा जवळजवळ गुन्ह्यासारखं मानत. रोगी बरा झाला. हाडाला तार, आत कॅटगट, ताणाला शिशाची चकती. एकच उत्तम दोरा असं काही नसतं, जागा सांगते कुठला दोरा ते.

लंडनमध्ये मात्र त्याचं स्वागत थंड झालं. एडिंबरोत शेकडो मुलं असायची, इथे लेक्चरला मोजकी डोकी. कारण काय असेल? लिस्टर जे शिकवायचा ते लंडनच्या परीक्षेत विचारत नव्हते, आणि त्याची उत्तरं लिहिली तर मार्क जायचे! काही गोष्टी देश आणि शतक बदललं तरी तशाच राहतात.

आणि त्याचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. शस्त्रक्रिया चालू असताना हवेत कार्बोलिकचा फवारा मारायची पद्धत त्याने काढली होती. त्याने सर्वांचे हात आणि घसे जळजळायचे. पुढे कळलं की धोका हवेपेक्षा हात, हत्यारं आणि दोरे यांतून जास्त आहे. १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने सगळ्यांसमोर फवारा मागे घेतला. दोऱ्यावरही टीका झाली. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉखने दाखवलं की तेलात मिसळलेलं कार्बोलिक चिवट जंतूंचे बीजाणू मारू शकत नाही, आणि लिस्टर कॅटगट ठेवायचा ते नेमकं कार्बोलिकच्या तेलात. मानेच्या शस्त्रक्रियांचा सर्वांत मोठा जाणकार, स्वित्झर्लंडचा थिओडोर कोखर, ज्याला थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळालं, त्याने जंतुनाशनाचं तत्त्व लिस्टरकडून घेतलं पण १८८० च्या दशकात कॅटगट टाकून रेशीम धरलं. कोखरचंही चुकत नव्हतं. आतड्याचा दोरा पूर्ण निर्जंतुक करणं अवघड आणि उकळला तर त्याचा चिखल होतो. रेशीम उकळता येतं. लिस्टरने भांडण न करता पुन्हा कॅटगटवर काम सुरू केलं.

१८९३ च्या एप्रिलमध्ये इटलीत फिरायला गेले असताना ॲग्नेस न्यूमोनियाने काही दिवसांतच गेली. त्यानंतर त्याचं प्रयोगांतलं मन उडालं. मान मिळत राहिले. तो १८९५ ते १९०० रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, १८९७ मध्ये लॉर्ड झाला. पण १९०८ मध्ये, ऐंशीचा झाल्यावर, त्याने जे छोटं टिपण छापलं ते होतं कॅटगट कसं तयार करावं यावर. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉमर इथे तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, दफनही तिथेच होऊ शकलं असतं. पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला हॅम्पस्टेडच्या स्मशानभूमीत ॲग्नेसच्या शेजारी पुरण्यात आलं.

आता पुन्हा नेक लिफ्टकडे येऊ. जखम तीन आठवड्यांची होते तेव्हा तिच्यात मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकीच ताकद आलेली असते. पुढे काही महिन्यांत ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, शंभर कधीच होत नाही. क्रोमिक कॅटगट साधारण तीन-चार आठवड्यांत ताकद सोडतं. मानेतला स्नायू ओढून शिवला आणि कॅटगट लावलं, तर स्नायू स्वतः धरायला शिकायच्या आधीच दोरा हात सोडणार. म्हणून काही सर्जन तिथे नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरसारखा कायमचा दोरा घेतात. पण मानेची कातडी पातळ असते. कायमची गाठ बोटाला लागू शकते, वर येऊ शकते. म्हणून दुसरे सर्जन पॉलिडायऑक्सॅनोन घेतात, जो कित्येक आठवडे ताकद धरतो आणि सहा-सात महिन्यांत विरघळतो. पिळाचा दोरा हाताला मऊ, गाठ पक्की बसते, पण त्याच्या तंतूंमधल्या फटींत जंतू लपू शकतात. एकेरी तंतूचा दोरा गुळगुळीत, पण ताठ, म्हणून गाठीला वेढे जास्त द्यावे लागतात. वरच्या कातडीला केसासारखा बारीक नायलॉन, तोही साधारण आठवड्यात काढायचा, नाहीतर टाक्यांचे व्रण राहतात. प्रत्येक फायद्याला एक तोटा चिकटलेलाच. डिझाइनचे सर आपल्याला हेच तर सांगत असतात.

पॉलिडायऑक्सॅनोन लिस्टरला माहीत नव्हतं. फक्त पाण्याने तुटत जाणारे असे कृत्रिम दोरे १९७० च्या आसपास बाजारात यायला लागले. गायींमधल्या मॅड काउ रोगाच्या भीतीने युरोपात कॅटगट मागे पडलं, आपल्याकडे अजूनही मिळतं. पण दोरा बदलला तरी प्रश्न लिस्टरचेच राहिले. आणि मुळात निरोगी माणसाची मान केवळ छान दिसावी म्हणून उघडायची, हे धाडसच त्याच्यामुळे शक्य झालं. त्याच्या वेळी जीव वाचवायला मान उघडली तरी माणूस मरायचा.

आपण इंजिनिअर होणार. पूल बांधू, मशिन बसवू, कोड लिहू आणि पुढच्या कामाला निघून जाऊ. जे आत राहिलं ते दहा महिन्यांनी कसं आहे, हे परत येऊन बघायला कुणी सांगणार नाही, त्याचे मार्कही नसतात. लिस्टरला तरी कुणी सांगितलं होतं? पाहिलं नसतं तर तो थेंब त्या बाईंबरोबरच गेला असता आणि रेशीम पुढे चालू राहिलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले की टाके काढायला यायची गरज नाही, तर थँक्यू म्हणण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. दोरा कुठला घातलात?